मक्याचं नत्र, मंगळवार-शुक्रवारचा अंदाज आणि बांधावरचा पाऊसमापक

दिवाळी उरकली, मका सोंगून खळ्यावर आला आणि उन्हाळ कांद्याचं रोप टाकून झालं. लागवडीची घाई सुरू व्हायच्या आत यंदाच्या, म्हणजे २०२५ च्या, खरिपात आम्ही काय केलं ते लिहून ठेवते. आमची शेती नाशिक जिल्ह्यातल्या येवला तालुक्यात, पालखेड डाव्या कालव्याच्या शेपटाकडे. तीन एकर मका. त्याला नत्राचा, म्हणजे युरियातून मिळणाऱ्या नायट्रोजनचा, हप्ता कोणत्या दिवशी आणि किती द्यायचा, हे यंदा हवामानाचा अंदाज आणि पडलेला पाऊस बघून ठरवलं. ऐकायला सोपं वाटतं, पण करताना बरेच दिवस पोटात गोळा होता. आमच्या बचत गटातल्या बायका सोंगणीच्या आणि फवारणीच्या वेळी मोबाईलवर पाऊस बघतात. खताच्या वेळी कुणी बघत नाही. त्यांना सांगावं म्हणून सगळं तारखांसकट लिहिते आहे.

आधी नत्राचंच का, ते सांगते. स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) जमिनीत टाकलं की बऱ्यापैकी जागेवर राहतं. नत्र राहत नाही. युरिया टाकल्यावर जमिनीतल्या युरिएज नावाच्या विकरामुळे काही दिवसांत त्याचं अमोनियम होतं. ओल्या, उबदार जमिनीच्या वरच्या थरातच हे घडलं तर त्यातला काही भाग अमोनिया वायू होऊन उडून जातो. आपल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत, जिथे सामू (पीएच) आठच्या पुढे आहे आणि वर वारा सुटलेला आहे, तिथे तर जास्तच. उरलेलं अमोनियम मातीच्या कणांना धरून राहतं. पुढे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. हे नायट्रेट पाण्यात मिठासारखं विरघळतं, म्हणून जोराच्या पावसात ते मुळांच्या खाली निघून जातं. आणि शेतात पाणी तुंबलं, मातीतली हवा संपली, की दुसरे जिवाणू त्याच नायट्रेटचा वायू करून टाकतात. २०१५ पासून देशात सगळा युरिया कडुनिंबाचा लेप दिलेलाच येतो. त्याने अमोनियमचं नायट्रेट होणं जरा मंदावतं, पण वरच्या वर उडून जाणं त्याने फारसं थांबत नाही. थोडक्यात, गोणीतलं किती नत्र पिकाला मिळणार हे टाकल्यानंतरच्या आठ-दहा दिवसांतला पाऊस, वारा आणि ऊन ठरवतं. तिसावा दिवस उजाडला म्हणून खत टाकायचं, ही पद्धत या सगळ्याकडे बघतच नाही.

सुरुवात माती परीक्षणापासून केली. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात कांदा काढून झाला होता आणि शेणखत अजून पडायचं होतं. नमुना घ्यायला हीच वेळ. आमच्या शेतात तीन तऱ्हेची जमीन आहे: वर मुरमाड पट्टा, मधे सपाट काळी आणि खाली ओढ्याकडे पाणी साचून चिबडणारा कोपरा. या तिन्हींचे नमुने वेगळे घ्यायचे असं मी ठरवलं. अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, ते पटत नव्हतं. एकाच बांधातल्या जमिनीचे तीन पैसे कशाला, असं त्यांचं म्हणणं. पण हाच निर्णय पुढे ऑगस्टमध्ये कामाला आला.

नागमोडी चालत प्रत्येक पट्ट्यात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा घेतला आणि एका बाजूची बोट-दीड बोट जाडीची माती वरपासून खालपर्यंत खरवडली. बांधाजवळची, झाडाखालची, जुन्या उकिरड्याच्या जागेची माती घेतली नाही. सगळी माती गोणपाटावर एकत्र करून चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले, असं करत अर्धा किलो उरवली, सावलीत सुकवली आणि कापडी पिशवीत भरली. आत चिठ्ठी टाकली: नाव, गट नंबर, आधीचं पीक, पुढे घ्यायचं पीक. पुढचं पीक लिहायला विसरू नका. त्याशिवाय माती परीक्षणाच्या पत्रिकेवर खताची शिफारस नेमकी येत नाही. सूक्ष्म अन्नद्रव्यंही तपासायची असतील तर लोखंडी पहार-खुरप्याऐवजी लाकडी खुंटीने माती काढा.

नमुने २८ एप्रिलला दिले. अहवाल यायला तीन आठवड्यांवर वेळ लागला. मधे दोनदा चौकशी केली, तेव्हा मशीनवर गर्दी आहे एवढंच कळलं. ज्यांना जूनमध्ये पेरायचं आहे त्यांनी मार्चमध्येच नमुना दिलेला बरा. आम्हाला कांद्यामुळे ते जमत नाही.

सपाट काळ्या पट्ट्याचा अहवाल असा होता: सामू ८.२, सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के, उपलब्ध नत्र हेक्टरी १९६ किलो. २८० च्या आत असलं की कमी, २८० ते ५६० मध्यम, असा ढोबळ हिशेब असतो. म्हणजे आमचं कमीच. मुरमाड पट्ट्याचं त्याहून कमी निघालं. कार्ड हातात आलं तेव्हा मे महिन्यातच पाऊस सुरू झाला होता. यंदा मान्सून केरळात २४ मेला आणि मुंबईत २६ मेला पोहोचला, आणि त्याच्या आधीपासूनच आपल्याकडे वळवाने कांदाचाळीबाहेरचा कांदा भिजवला. माझ्या मनात तेव्हाच आलं की एप्रिलच्या मातीत मोजलेलं हे नत्र पेरणीपर्यंत तेवढंच राहील असं धरून चालता येणार नाही. पत्रिका जमिनीची कुवत सांगते. हंगामात रोज काय होतंय, ते आपणच बघावं लागतं.

मग अंदाजाची जुळवाजुळव. मी तीन गोष्टी वापरल्या. पहिली, हवामान खात्याचं मेघदूत ॲप. त्यात मराठी निवडता येतं आणि दर मंगळवारी-शुक्रवारी पुढच्या पाच दिवसांचा जिल्ह्याचा अंदाज आणि कृषी सल्ला येतो. आपल्या जिल्ह्याचा सल्ला इगतपुरीच्या विभागीय कृषी संशोधन केंद्रातून निघतो. दुसरी, ग्रामपंचायत पातळीवरचा अंदाज. तो २४ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाला आहे आणि मेरी पंचायत ॲपवर दिसतो. तिसरी, विंडी नावाचं हवामानाचं ॲप, ज्यात वेगवेगळ्या देशांची अंदाजाची मॉडेलं शेजारी शेजारी बघता येतात. दोन मॉडेलं एकच सांगत असली की भरवसा वाढतो. एक पाऊस दाखवतंय आणि दुसरं कोरडं, तर त्या दिवशी मी खताचा निर्णयच घेत नव्हते.

जिल्ह्याचा अंदाज आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही, हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि येवल्याला पाचशेच्या आसपास. इशाऱ्यात ‘घाट परिसर’ लिहिलेलं असेल तर ते इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाण्याच्या बाजूचं समजायचं. शब्दांनाही ठरलेली मापं आहेत, ती मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली. हलका पाऊस म्हणजे चोवीस तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर, मध्यम म्हणजे १५.६ ते ६४.४, जोरदार म्हणजे ६४.५ च्या पुढे. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या चारांतल्या एका केंद्रावर किंवा त्याहून कमी, ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत. त्यामुळे ‘तुरळक ठिकाणी मध्यम पाऊस’ असं वाचलं की आपल्या शेतावर तो न पडण्याचीच शक्यता जास्त, हे ध्यानात ठेवायचं. खताच्या कामाला ‘बऱ्याच ठिकाणी’ हे शब्द हवेत.

चौथी वस्तू पाऊसमापक. साधा प्लास्टिकचा, साडेचारशे रुपयांचा. महसूल मंडळाच्या गावी स्वयंचलित हवामान केंद्र आहे आणि तिथले आकडे विम्यासाठी धरतात, पण ते आमच्यापासून बरंच दूर पडतं आणि मधे एक टेकडी आहे. मापक उघड्यावर, झाडापासून आणि घरापासून लांब, खांबाला पक्का बांधला. रोज सकाळी साडेआठला वाचायचा, कारण हवामान खातंही त्याच वेळी मोजतं. हे काम मी नववीतल्या पुतणीला दिलं. तिने एकही दिवस चुकवला नाही. वहीत एका रकान्यात अंदाज, शेजारी पडलेला पाऊस. जूनभर आम्ही फक्त हेच केलं आणि महिनाअखेर एक गोष्ट दिसली: पहिल्या-दुसऱ्या दिवसाचा अंदाज आमच्या शेतावर बऱ्यापैकी उतरतो. चौथ्या-पाचव्या दिवसाच्या अंदाजातून पाऊस वाढणार की उघडीप मिळणार एवढी दिशा कळते, त्यातल्या मिलिमीटरवर जाण्यात अर्थ नाही. हा महिना कुणीही वाचवायला जाऊ नये. आपल्या बांधावर अंदाज किती खरा ठरतो, हे कुठल्याच ॲपमध्ये लिहिलेलं नसतं.

जूनमध्येच कृषी विज्ञान केंद्रात फोन करून मृदाशास्त्राच्या मॅडमशी बोलले. त्यांनी घाई न करता सगळं समजावलं. त्यावरून आम्ही ठरवलेला क्रम असा. टाकल्यावर दिवस-दोन दिवसांत दहा-पंधरा मिलिमीटर पाऊस येणार असेल तर उत्तम, युरिया विरघळून मुळांच्या थरात जातो. दोन-तीन मिलिमीटरची भुरभुर येऊन पुन्हा ऊन-वारा असेल तर सगळ्यात वाईट, कारण दाणा विरघळतो पण खाली जात नाही आणि उडून जातो. पन्नासच्या पुढचा पाऊस दिसत असेल तर थांबायचं. आणि पाऊस नसेल, पण हप्ता द्यायलाच हवा असेल, तर खत मातीआड करून वर पाणी द्यायचं.

आता हिशेब. संकरित मक्याला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० स्फुरद, ४० पालाश. एकरी नत्र ४८ किलो झालं. ते तीन वेळा द्यायचं, पेरताना, तीस दिवसांनी आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, दर वेळी १६ किलो. पेरताना एकरी एक गोणी डीएपी (नत्र आणि स्फुरद दोन्ही असलेलं खत) दिली, त्यातून ९ किलो नत्र मिळालं. सोबत १५ किलो युरिया, त्यातून ७. पालाशसाठी पोटॅश. पुढचे हप्ते एकरी ३५ किलो युरियाचे, कारण युरियात ४६ टक्के नत्र असतं. पत्रिकेप्रमाणे नत्र कमी असल्याने २५ टक्के वाढवून द्यायची शिफारस होती, म्हणजे एकरी आणखी २६ किलो युरिया. हा वाढीव भाग आम्ही कोणत्याच हप्त्यात धरला नाही. तो राखीव ठेवला. पावसाने किती नत्र नेलं ते बघून, जिथे नेलं तिथेच द्यायचा. मला वाटतं या सगळ्या प्रयोगातली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच होती.

पेरणी २७ जूनला झाली. तोपर्यंत युरिया घरात आणून ठेवायचा होता, कारण अंदाजाने दिलेले दोन दिवस दुकानातला माल यायची वाट बघत नाहीत. यंदा खरिपात युरियाची ओढाताण सगळीकडेच होती. पहिल्या दुकानात गोण्या होत्या, पण प्रत्येक दोन गोण्यांमागे एक द्रवरूप खताची बाटली घ्या म्हणाले. मी नको म्हटलं. “वहिनी, मग माल शिल्लक नाही,” एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. युरियासोबत दुसरं काही घ्यायची सक्ती करता येत नाही, खत नियंत्रण आदेश १९८५ नुसार ते बेकायदा आहे. मी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात साध्या कागदावर तक्रार लिहून दिली, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घेतला. पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका. त्या तक्रारीचं पुढे काय झालं ते मला अजून कळवलेलं नाही. युरिया शेवटी सहकारी सोसायटीत मिळाला. आधार कार्ड आणि अंगठा लागतो. अण्णांचा अंगठा मशीनवर उमटेना, म्हणून माझ्या नावावर घेतला. घरातली ज्यांची बोटं कामाने झिजली आहेत त्यांच्यासोबत दुसऱ्या कुणीतरी आधार घेऊन जावं. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैसे, आठ गोण्या, पक्क्या बिलासह.

पेरणीनंतरचा पहिला हप्ता २७ जुलैला येत होता. जुलैचा मधला काळ आपल्या पूर्व भागात असतो तसाच गेला: ढग धावतायत, वारा सुटलाय, थेंब नाही. २५ जुलै शुक्रवार होता. सल्ल्यात पुढचे दोन-तीन दिवस बऱ्याच ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस लिहिला होता. ग्रामपंचायतीचा अंदाजही तसाच, विंडीवरची दोन्ही मॉडेलं जुळत होती. तारखेची वाट न बघता त्याच दुपारी टाकायचं ठरवलं. चार बायका लावल्या, अर्ध्या दिवसाची मजुरी आणि चहा. ओळीपासून चार बोटं अंतरावर पट्टी पाडून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोळपं (ओळींमधली माती हलवायचं अवजार) फिरवून मातीआड केलं. पुढच्या दोन दिवसांत मापकात मिळून १७ मिलिमीटर आलं. त्या रात्री पत्र्यावर पाऊस वाजायला लागला तेव्हा मी उठून ओट्यावर बसले होते. इतकं बरं मला खूप दिवसांत वाटलं नव्हतं.

याच वेळी आणखी एक केलं, मॅडमच्या सांगण्यावरून. प्रत्येक पट्ट्यात दोन ओळी, दहा-दहा मीटर, दुप्पट नत्र दिलं आणि काठी रोवून खूण केली. या ओळींना नत्राची कमी पडणार नाही. बाकीचा मका त्यांच्यापेक्षा फिका दिसायला लागला की भूक लागली असं समजायचं. डोळ्यांना रंग आठवत नाही, शेजारी ठेवला तरच फरक कळतो. यंत्र नको, पैसे नकोत. प्रत्येकाने हे करावं असं मी आग्रहाने सांगेन.

दुसरा हप्ता ११ ऑगस्टला होता आणि खरी परीक्षा तिथे झाली. जमिनीला भेगा पडायला लागल्या होत्या. १२ ऑगस्टच्या मंगळवारच्या सल्ल्यात आधी दोन दिवस तुरळक हलका पाऊस आणि नंतर जोर वाढणार, असं होतं. मॉडेलंही १५ तारखेनंतर मोठे आकडे दाखवत होती. म्हणजे आमच्या क्रमातल्या दोन्ही वाईट गोष्टी एकापाठोपाठ: आधी भुरभुर, मग धो-धो. मका आता छातीपर्यंत आलेला, कोळपं आत जात नव्हतं, त्यामुळे मातीआड करायची सोय नव्हती. थांबायचं ठरवलं.

थांबणं फार जड जातं. आजूबाजूच्या सगळ्यांचा युरिया पडला होता. शेजारचे नाना बांधावर येऊन म्हणाले, “अगं, मका तुऱ्यावर येईल आता, कधी घालशील?” अण्णा बोलत नव्हते, पण रोज संध्याकाळी गोण्यांवरची ताडपत्री नीट करत होते आणि मला ते दिसत होतं. भाऊजी म्हणाले, निम्मं तरी टाकू. मी वही पुढे ठेवली. जून-जुलैत आमच्या बांधावर पहिल्या दोन दिवसांचा अंदाज कसा उतरला ते त्यात दिसत होतं. त्यावर घरात एकमत झालं. अंदाज चुकला असता तर मका उपाशी राहिला असता, ही भीती मला रोज होती. अंदाज म्हणजे शक्यता. आपण फक्त कोणत्या बाजूचं नुकसान झेपेल ते बघायचं. हप्ता आठवडाभर उशिरा गेला तर मका थोडा फिका पडतो, पण वाहून गेलेला युरिया परत आणता येत नाही. तुरा बाहेर पडायच्या आत दिला की काम भागतं, असं मॅडमनी सांगितलं होतं, आणि ती मर्यादा साधारण २४-२५ ऑगस्टला येत होती.

१३ आणि १४ ला मिळून ३ मिलिमीटर. मग १६ ते १९ ऑगस्ट या चार दिवसांत ३१, ४४, २२ आणि १२. खालच्या कोपऱ्यात पाणी साचलं. भाऊजींनी आणि मी पावसातच कुदळीने ओढ्याकडे चर काढला, तरी तिथे पाणी दोन दिवस होतंच. उघडीप मिळाल्यावर खालच्या कोपऱ्यातल्या मक्याची बुडातली पानं शेंड्यापासून मधल्या शिरेच्या कडेने पिवळी पडत गेलेली दिसली. नत्र कमी पडल्याची ही मक्यातली पक्की खूण. मुरमाड पट्ट्यातही काठीजवळच्या ओळी गर्द आणि बाकी फिकं. सपाट काळ्या पट्ट्यात मात्र फरक अगदी थोडा होता.

२२ ऑगस्टला, शुक्रवारी, सपाट भागात वाफसा आला, म्हणजे जमीन कामाला येण्याइतकी सुकली. सल्ला हलक्या ते मध्यम पावसाचा होता. सकाळी नऊला सुरुवात केली. तिन्ही पट्ट्यांत ठरलेला एकरी ३५ किलोचा हप्ता, आणि राखीवमधलं फक्त मुरमाड पट्ट्याला आणि चिबड कोपऱ्याला, मिळून अंदाजे ३० किलो. कोपऱ्यात वाफसा यायला आणखी दोन दिवस लागले, तिथे २४ तारखेला टाकलं. चिखलात टाकून उपयोग नाही, तिथलं नत्र पुन्हा वायू होऊन जातं. पानं ओली असताना युरिया पोंग्यात पडला तर पानं करपतात, म्हणून दव सुकल्यावर, वाकून, बुडाशीच टाकायचं. छातीएवढ्या मक्यात हे काम फार त्रासाचं आहे. हात-मान कापतात. बायकांना पूर्ण बाह्यांचे शर्ट आणि रुमाल दिले आणि मजुरी पूर्ण दिवसाची दिली. पुढे ९ मिलिमीटर पाऊस आला, आणि आठवड्यात काठीच्या ओळी आणि बाकीचा मका यांतला फरक वरच्या पट्ट्यात मिटला. कोपऱ्यातला थोडा राहिलाच.

उतारा किती आला असं सगळे विचारतात. सप्टेंबरच्या शेवटी जो पाऊस झाला, ज्यात गोदावरीला पूर आला, त्यात आमचाही मका आडवा झाला आणि काही कणसांना कोंब फुटले. त्यामुळे क्विंटलच्या आकड्यावरून नत्राबद्दल काही सांगणं खोटं ठरेल. सांगता येईल ते एवढंच: तीन एकरांना सव्वासहा गोण्यांच्या आसपास युरिया लागला, पावणेदोन गोण्यांच्या आसपास उरला. पैशाने ती बचत साडेचारशे रुपयांच्या आसपास. युरिया सरकारी अनुदानामुळे स्वस्त आहे, म्हणून बचत कागदावर लहान दिसते. पण तो उरलेला युरिया ओढ्यात गेला असता, आणि तो ओढा आमच्याच विहिरीशेजारून जातो. त्या विहिरीचं पाणी आम्ही पितो. माझ्यासाठी हिशेबातली ही बाजू मोठी आहे.

खर्च एकत्र सांगायचा तर युरिया आठ गोण्यांचे २,१३२ रुपये, पाऊसमापक ४५०, माती परीक्षण आणि येवल्याच्या फेऱ्यांचं पेट्रोल. मजुरी दर वर्षी लागते तेवढीच. फक्त एक अडचण खरी आहे: मजूर बायका दोन दिवस आधी सांगून ठेवाव्या लागतात आणि अंदाज शेवटच्या दिवशी पक्का होतो. आम्ही बचत गटातल्या दोघी-तिघींशी ठरवून ठेवलं होतं की आज आमच्याकडे, तर परवा त्यांच्याकडे. ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांना हा त्रास नाही, ते विद्राव्य खत थोडं थोडं रोज देऊ शकतात आणि पावसाच्या आदल्या दिवशी थांबवू शकतात.

आता याच रानात जानेवारीत कांदा लावायचा आहे. मका नत्र खाऊन गेलेला आणि सप्टेंबरच्या पावसाने उरलंसुरलं नेलेलं, म्हणून तिन्ही पट्ट्यांचे नमुने सोंगणी झाल्या झाल्या पुन्हा दिले आहेत. कांद्याला शिफारस हेक्टरी १०० किलो नत्राची, निम्मं लागवडीला आणि उरलेलं तीस व पंचेचाळीस दिवसांनी. रब्बीत पाणी आपल्या हातात असतं, त्यामुळे पावसापेक्षा कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाणी सुटायची पाळी, आणि रात्रीची वीज कोणत्या आठवड्यात आहे, ते अंदाजाच्या शेजारी लिहावं लागणार. थंडी वाढली की जमिनीतले जिवाणू मंद होतात आणि युरिया लागू व्हायला जास्त दिवस लागतात, म्हणून पुतणीने वहीत किमान तापमानाचा रकाना वाढवला आहे. लागवडीला साठ दिवस झाल्यावर मात्र, अंदाज कितीही चांगला असला आणि पात कितीही फिकी दिसली, तरी नत्र द्यायचं नाही असं ठरलं आहे. उशिरा दिलेल्या नत्राने कांद्याच्या माना जाड होतात आणि तो चाळीत सडतो. आम्हाला तो ऑगस्टपर्यंत टिकवायचा आहे.